सुरक्षित अंतरावरचे वसंतमालक

सोलापुरात एखाद्याला मान द्यायचा असला की त्याच्या नावाला 'मालक' जोडतात. त्यासाठी त्याच्या मालकीचं काही असावंच लागतं असं नाही. वसंतमालकांच्या मालकीची एक स्कूटर होती आणि तिच्या पुढच्या बाजूला लाल अक्षरांत 'प्राणीमित्र' अशी ठळक पाटी होती. पाटीच्या कोपऱ्यात चार बोटांच्या पावलाचा ठसा काढलेला होता. हा ठसा कुत्र्याचा की मांजराचा, असं मी त्यांना एकदा विचारलं. "सर्वसमावेशक आहे," असं ते म्हणाले आणि पुढं गेले.

अंगात कायम खाकी रंगाचं बिनबाह्यांचं जाकीट. त्याला इतके खिसे होते की कुठल्या खिशात काय आहे हे त्यांनाही चाचपडून बघावं लागायचं. एका खिशात रबरी हातमोजे, एकात बिस्किटाचा पुडा, एकात कंगवा. कंगवा कुत्र्यांसाठी असावा असा माझा बरेच दिवस समज होता. मग एकदा गल्लीच्या तोंडाशी त्यांनी एका गाईला पोळी देतानाचा फोटो काढून घेतला, तेव्हा तो कंगवा त्यांच्या स्वतःच्या भांगासाठी निघाला. फोटो मलाच काढायला लावला होता. पोळी लांबवर धरलेल्या हातात होती, मान माझ्याकडं वळलेली होती आणि गाय कंटाळून निघून गेली तरी हात तसाच होता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "त्यांना बोलता येत नाही, म्हणून आपल्याला बोलावं लागतं." हे म्हणताना त्यांचा आवाज दाटून यायचा आणि डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. ढोंग करताना इतक्या वेळेवर पाणी आणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण ते ढोंगही नव्हतं, हीच तर पंचाईत. त्यांना आतून अगदी मनापासून वाटायचं की आपलं प्राण्यांवर प्रेम आहे. प्राण्यांना तसं वाटत होतं का, हे विचारायची सोय नव्हती, आणि त्यांच्या वतीनं बोलायला तर हेच होते.

मी होटगीच्या शाळेत शिकवते. एका वर्षी त्यांनी मला रस्त्यात गाठून, "टीचर, मुलांवर भूतदयेचे संस्कार झाले पाहिजेत," असं म्हणत स्वतःला आमच्या शाळेत बोलावून घेतलं. मुख्याध्यापकांना कुठला तरी कार्यक्रम हवाच होता. वसंतमालक एका टोपलीत ससा घेऊन आले. टोपली शाळेच्या शिपायानं उचलून आणली. मग तासभर भाषण झालं, मुलांनी एकेक करून सशाच्या पाठीवरून हात फिरवला, टाळ्या वाजवल्या. चौथीतल्या एका धनगराच्या पोरीला मात्र राहवलं नाही. तिच्या घरी मेंढरं, तिला जनावर हाताळणारा माणूस लांबून ओळखू येतो. ती म्हणाली, "सर, तुमी बी घ्या की त्याला हातात."

वसंतमालक हसले. "बाळ, मी घेतला तर तुम्हाला कसा मिळेल? प्रेम वाटायचं असतं."

मुख्याध्यापकांनी हे वाक्य दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून घेतलं. ससा शिपाई पुन्हा टोपलीत ठेवायला गेला तेव्हा मालक व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभे होते. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसरा प्रसंग आमच्याच घरचा. शेजारच्या बांधकामावरचं एक मांजर आमच्या गच्चीवरच्या पाइपांच्या सांदीत अडकलं आणि सकाळपासून ओरडत होतं. कुणीतरी वसंतमालकांना फोन केला. ते लगोलग आले, हे मान्य करायलाच हवं. बोलावलं आणि आले नाहीत, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नाही. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले आणि तिथून सूचना द्यायला लागले. "घाबरवू नका. डोळ्यांत बघू नका. हळूच मानेला धरा." या सूचना ज्यांना चालल्या होत्या त्या माझ्या सासूबाई, वय सत्तरीच्या पुढं, पदर खोचून पाइपांमध्ये वाकलेल्या. त्यांनी एक गोणपाट टाकलं, त्यात मांजर गुंडाळलं आणि बाहेर ओढलं. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. मालक पुढं आले, गोणपाटाच्या वरच्या टोकाला दोन बोटं लावली आणि मला म्हणाले, "टीचर, घ्या फोटो."

फोटो एका सायंदैनिकात छापून आला. 'प्राणीमित्रानं वाचवले मांजराचे प्राण.' सासूबाई त्यात खांद्यापर्यंतच आल्या होत्या, डोकं कापलेलं होतं. त्यांनी चष्मा लावून ती बातमी पूर्ण वाचली आणि हाताला हळद लावत म्हणाल्या, "मला न्हाई तर न्हाई. पण त्या मांजराचं तरी तोंड दिसायला पाहिजे हुतं की." खरंच, फोटोत मांजर दिसत नव्हतं. नुसतं गोणपाट आणि मालक.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही तसं नेतही होतो. गल्लीत असा एखादा माणूस असतोच. मग करोना आला.

सुरुवातीच्या आठवड्यांत लोकांना कशाची भीती वाटत नव्हती ते सांगणं सोपं. भाजीची, वर्तमानपत्राची, दाराच्या कडीची, सगळ्याची भीती. त्यातच कुठून तरी आवई उठली की पाळीव कुत्र्यामांजरांमुळे हा रोग पसरतो. ती आवई आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पहिल्यांदा कुणी टाकली असेल, तर प्राणीमित्रांनी. खाली हात जोडल्याची चित्रं आणि 'काळजी घ्या' असा सल्ला. मग कुणीतरी पशुवैद्यांचा खुलासा टाकला की असं काही नाही, तेव्हा मालकांनी तोही तितक्याच तत्परतेनं पुढं पाठवला. पण मधल्या काळात व्हायचं ते होऊन गेलं होतं. एरवी ज्यांच्या गाद्यांवर कुत्री झोपायची अशा भल्याभल्या घरांनी ती विजापूर रस्त्याला नेऊन सोडली. एक पांढरंशुभ्र गुबगुबीत कुत्रं, गळ्यात घुंगराचा पट्टा, दिवसभर बंद दुकानांच्या पायऱ्या हुंगत फिरायचं आणि प्रत्येक मोटारीमागं धावायचं. त्याच्या घरच्यांनी त्याचे वाढदिवस केले होते. केक कापतानाचे फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. आजाराला माणूस घाबरतो यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण घरातल्या जीवाला गाडीतून उतरवून काच वर करायची, आणि संध्याकाळी बाल्कनीत येऊन थाळी वाजवायची, ही जमात मला तेव्हापासून डोळ्यांसमोर नको झालीय.

मालकांनी त्या पांढऱ्या कुत्र्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'माणुसकी हरवली.' मी विचारलं, "मालक, तुम्ही न्या की घरी."

"आमच्या मिसेसना ॲलर्जी आहे ना," ते म्हणाले. त्या कुत्र्याला शेवटी पुलाजवळ राहणारी एक कागद वेचणारी बाई घेऊन गेली. तिचा फोटो कुणी काढला नाही.

त्याच सुमाराला मालकांना पास मिळाला. मुक्या प्राण्यांना अन्न पोचवण्यासाठी शहरात फिरण्याचा पास. त्यांनी तो प्लास्टिकमध्ये बसवून गळ्यात अडकवला. लग्नातल्या नवऱ्यालाही हाराचं इतकं कौतुक नसतं. आम्ही सगळे बांबू लावून बंद केलेल्या गल्लीत कोंडलेले आणि हे मोकळे फिरताहेत म्हटल्यावर त्यांचा भाव वाढणारच. बांबूपलीकडून हाका सुरू झाल्या. मालक, जरा शेंगाचटणी मिळाली तर बघा की. मालक, कडक भाकरीचं एखादं पाकीट. ते आणायचेही. रविवारी तर स्कूटर भल्या सकाळी मोहोळच्या दिशेनं जायची. विचारलं तर म्हणायचे, "तिकडच्या गाईंचे फार हाल आहेत." मोहोळ ही त्यांची सासुरवाडी होती. गाईंचे हाल बघून परत यायला त्यांना संध्याकाळ व्हायची आणि येताना डब्याला मटणाचा वास यायचा.

आता अंबक्काचं सांगते, कारण खरं सांगायचंय ते तिथूनच.

अंबक्का आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात एकटी राहायची. विणकरांच्या घरातली, माहेरची भाषा तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन सुरतेला. ही टॉवेलांच्या कडा शिवून द्यायची. घरात दुसरा जीव म्हणजे चिन्ना. तेलुगूत चिन्ना म्हणजे लहानगा. हा लहानगा वासराएवढा होता, तांबूस, एक कान कायमचा पडलेला. कुणावर भुंकल्याचं मला आठवत नाही. अंबक्का मशीनवर बसली की हा तिच्या पायाशी, ती दुकानात गेली की हा दुकानाच्या पायरीशी.

अंबक्काला ताप आला, तपासणी झाली आणि भर दुपारी रुग्णवाहिका गल्लीत आली. मी त्या दिवशी सर्वेक्षणाच्या ड्यूटीवर होते. शिक्षकांना तेव्हा घरोघर ताप मोजत हिंडवत होते. त्यामुळं पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं. सगळी गल्ली आपापल्या खिडक्यांत. अंबक्का तोंडाला टॉवेलचा तुकडा बांधून, पिशवी घेऊन दारात उभी. तिनं घाईघाईत चिन्नाला अंगणातल्या लिंबाला साखळीनं बांधलं होतं. झाडाशेजारी दगडी डोण होती, तिच्यात पाणी भरून ठेवलं होतं.

"चिन्नाकडं कोण बघंल?" तिनं विचारलं.

 आलेल्या माणसांनी बजावलं होतं की या घरात जो पाऊल टाकेल त्यालाही उचलून नेऊ. तेवढ्यात वसंतमालकांची स्कूटर आली. त्यांच्याकडं पास होता.

"मी आहे ना, अंबक्का. तुम्ही निर्धास्त जा."

"मालक, त्यो चावत न्हाई. भांडं जवळ ठेवायचं. डोस्क्यावरनं हात फिरवल्याबिगर खात न्हाई त्यो. तेवढं करा."

"अहो, हे मला सांगायला हवं का?" मालक म्हणाले. त्यांनी फाटकाच्या कुलपाची किल्ली रुमालात घेतली, तिच्यावर सॅनिटायझर मारलं आणि जाकिटाच्या एका खिशात टाकली. अंबक्का गाडीत बसताना त्यांना हात जोडत होती, असं सासूबाई म्हणाल्या. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर फोटो यायला लागले. 'आजची सेवा.' फाटकातून काढलेला फोटो, पुढं भाताचं भांडं, मागं चिन्ना. कधी दूधपोळी, कधी बिस्किटं. खाली लोकांच्या टाळ्या, फुलं, 'मालक, तुम्ही देवमाणूस.' एका फोटोत चिन्ना मागच्या पायांवर उभा होता, पुढचे दोन्ही पाय हवेत. त्याखाली मालकांनी लिहिलं होतं, 'पाहा, अन्नदात्याला नमस्कार करतोय.' त्या फोटोला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

आणि चिन्ना रडायचा. आधी भुंकून, मग लांब हेल काढून, मग नुसतं कण्हल्यासारखं. गल्लीत कुरकुर सुरू झाली. कुत्रं रडणं बरं नव्हे, या घरातली गेली, आता कुणाची पाळी, असलं बोलणं. दोघांतिघांनी मालकांना सांगितलं की याचं तोंड बंद होईल असं काहीतरी करा. मालक बांबूपलीकडं उभे राहून भरल्या गळ्यानं म्हणाले, "विरह आहे हो तो. मुकं जनावर आहे, मालकिणीची आठवण काढतंय. त्याला बोलता येत नाही." सगळ्यांना पटलं. ज्यांनी स्वतःची कुत्री रस्त्यावर सोडली होती त्यांनाही पटलं.

अंबक्काला एका वसतिगृहात ठेवलं होतं. तिचा फोन साधा, बटणांचा. शेजारच्या खाटेवर आमच्याच भागातली एक मुलगी होती, ती तिला रोज आपल्या फोनवर 'आजची सेवा' दाखवायची. पहिल्या दिवशी फोटो बघून अंबक्का रडली म्हणे, आनंदानं. दुसऱ्या दिवशी तिनं फोन डोळ्यांजवळ धरला. मग रोज तो फोटो मोठा करून बघायला लागली. एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून येऊन हातपाय धूत होते, तर तिचा फोन आला.

"टीचर, माझ्या चिन्नाला खायाला मिळत न्हाई."

मी म्हटलं, "अगं, रोज फोटो येतात की. पातेलंभर भात असतो."

"भात अंगणातल्या मोरीच्या पल्याड हाय. साखळी मोरीपतुरच जाती. मी बांधलीया की, मला ठाव हाय." ती धापा टाकत बोलत होती. "सगळ्या फोटूत साखळी ताणल्याली हाय बघा. त्यो नमस्कार न्हाई करत, टीचर. त्यो भांड्याकडं जायला बघतोय."

मी फोन ठेवून ते फोटो पुन्हा काढले. एकदा सांगितल्यावर मग दुसरं काही दिसतच नव्हतं. साखळी काठीसारखी सरळ. भांड्याशेजारी आदल्या दिवशीचा भात तसाच, त्याच्या आदल्या दिवसाचा वाळून पिवळा पडलेला, त्यावर कावळा. आणि वर टाळ्याच टाळ्या.

मी मालकांना फोन लावला. "चिन्ना जेवतो का?"

"रोज. फोटो टाकतो ना मी."

"भांडं कुठं ठेवता?"

"सुरक्षित अंतरावर," मालक म्हणाले. "नियम आहे, टीचर. रुग्णाच्या घरातलं जनावर आहे. सहा फूट तर पाळलेच पाहिजेत."

क्षणभर मला कळेना की हसावं की काय करावं. माणसांनी माणसांपासून राखायचं अंतर यांनी साखळीला बांधलेल्या कुत्र्याकडून पाळून घेतलं होतं.

"मग तो भांड्यापर्यंत पोचतो कसा?"

"मी निघाल्यावर जेवत असेल."

"साखळी तोडून?"

"टीचर, सेवा करणारा एकटा असतो. टीका करायला सगळी गल्ली असते."

"किल्ली घेऊन या."

"आता कर्फ्यूची वेळ झाली. पास सातपर्यंतच आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा बोलावल्यावर ते आले नाहीत.

अंबक्काच्या शेजारी इक्बालभाईंचं घर. वेल्डिंगचं दुकान आहे त्यांचं, तेव्हा बंद होतं. मी त्यांच्या खिडकीखाली जाऊन हाक मारली आणि सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकतच उठले आणि हातोडा घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, "भाई, आत गेलं तर उचलून नेतील म्हणतात."

"ले जाने दो. घर में बैठ के भी क्या कर रहा हूं," ते म्हणाले. "टीचर, चाबी नक्को. बाजू हटो." दोन ठोक्यांत कुलूप खाली पडलं.

आत काय होतं ते सांगते. लिंबाखालच्या जमिनीवर साखळी जिथं संपते तिथं नखांनी उकरलेली गोल खाच पडली होती. त्या खाचेच्या पलीकडं, हातभर अंतरावर, भाताचे ढीग. ओळीनं. मुंग्या, माश्या, कुजका वास. डोणीत तळाला हिरवं पाणी उरलं होतं, त्यावर तो जगला होता. चिन्ना झाडाच्या बुंध्याशी पडून होता. बरगड्या मोजता आल्या असत्या. पट्ट्याखाली मान सोलवटून लाल झालेली. आम्हाला बघून त्यानं मान उचलली, शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा मान टाकली.

ज्या माणसाला कुत्र्याची भीती वाटते त्याला साखळीची लांबी कुणी शिकवावी लागत नाही. इतकी बिनचूक जागा रोज सापडणं सोपं नाही. मालक रोज आले, उन्हातून आले, स्वतःच्या घरचं अन्न घेऊन आले, हे सगळं खरं. आणि रोज तिथंच थांबले, जिथं त्या जनावराचं तोंड पोचत नव्हतं. समोर ते गळा कापेपर्यंत ओढ घेत होतं आणि हे फोटो काढत होते. लहानपणी त्यांना कुत्रं चावलं असेल, आणखी काही झालं असेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही.

इक्बालभाईंनी साखळी सोडली. ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या तोंडाशी धरलं. "आहिस्ता, बेटा, आहिस्ता." सासूबाईंनी भात ताकात कालवून पाठवला होता. चिन्नानं तो हुंगला आणि तोंड फिरवलं. मग अंबक्काचं बोलणं आठवलं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पडलेल्या कानाच्या मागून मानेपर्यंत. तेव्हा त्यानं पहिला घास घेतला.

त्या रात्रीपासून तो इक्बालभाईंच्या दारात राहिला. आम्हाला कुणी उचलून नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक भात घेऊन आले तर फाटक उघडं, झाड रिकामं. त्यांनी इक्बालभाईंच्या ओट्यावरचा चिन्ना लांबून पाहिला. मला वाटलं, आता तरी खाली मान घालतील. ते म्हणाले, "कुलूप फोडायला नको होतं. माझ्या जबाबदारीवर दिलेलं घर आहे." आणि मग, आवाज खाली आणून, "त्याला जरा परत बांधता का? एक फोटो राहिलाय." इक्बालभाई आत जाऊन हातोडा घेऊन आले. मारायला नव्हे, नुसता हातात. मालकांची स्कूटर एका लाथेत सुरू झाली. दुपारी ग्रुपवर आलं, 'जड अंतःकरणानं चिन्नाची सेवा आता गल्लीवर सोपवत आहे.' त्यालाही फुलं पडली.

अंबक्का बरी होऊन आली. तिला बघून चिन्नाला धड उभंही राहता येईना, नुसताच लोळत, मुतत, कण्हत तिच्या पायांत. ती तिथंच रस्त्यावर बसली. तिनं त्याच्या मानेची जखम पाहिली आणि बराच वेळ त्यावर पदर धरून राहिली. मी म्हटलं, "आपण मालकांच्या दारात जाऊ. चारचौघांत विचारू."

"भांडून काय करू, टीचर? चिन्ना जित्ता हाय." मग ती म्हणाली, "भ्या वाटतं म्हनायला काय हुतं? माझ्या मुलीला बी कुत्र्याचं भ्या वाटतं. मालकांनी सांगितलं असतं तर मी किल्ली त्यांच्या हातात दिलीच नसती की." त्यापुढं ती त्या विषयावर कधी बोलली नाही. मी बोलते. कुणीतरी बोललं पाहिजे.

बांबू निघाले, शाळा सुरू झाल्या, आणि आमच्या वॉर्डातल्या एका होतकरू पुढाऱ्यानं 'करोना योद्ध्यांचा' सत्कार ठेवला. योद्ध्यांत पहिलं नाव वसंतमालकांचं. मंडप आमच्याच गल्लीत, त्यामुळं जावं लागलं. निवेदकानं त्यांना मुक्या जीवांचा आवाज म्हटलं. शाल घातली, नारळ दिला, पेढ्याचा बॉक्स दिला. मालक माईकसमोर उभे राहिले, डोळे टिपले आणि म्हणाले, "त्यांना बोलता येत नाही..."

तेवढ्यात खुर्च्यांच्या मधून चिन्ना आला. अंगावर पुन्हा मांस चढलेलं, गळ्यात साखळी नाही, आता त्याला कुणी बांधत नसे. तो कुणाकडं न बघता सरळ व्यासपीठाच्या पायऱ्या चढला. कान मागं, सगळं अंग शेपटीबरोबर हलतंय. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? सगळं जग दार लावून बसलं होतं तेव्हा रोज एकच माणूस त्याच्यासाठी भांडं घेऊन येत होता. तोच हा.

प्राणीमित्र खुर्चीवर चढले. शाल एका खांद्यावरून लोंबतेय, नारळ छातीशी. माईक चालूच होता. "अंबक्का, धरा त्याला. अहो, धरा."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. अंबक्का मागच्या रांगेत बसली होती. ती जागची उठली नाही.

"असू द्या की, मालक," ती म्हणाली. "ओळखीचं मानूस दिसलं म्हनून आलाय त्यो."

मालकांनी बॉक्समधला एक पेढा काढला आणि लांब, व्यासपीठाच्या पार त्या टोकाला फेकला. चिन्ना चालत गेला, पेढा खाल्ला, आणि परत येऊन त्यांच्या खुर्चीपाशी बसला. मान वर करून, डोकं पुढं करून. हात फिरवतील म्हणून.